श्वग्रह ते सोबती : फेफरे, कुत्रा आणि साक्षीचा प्रश्न

डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचे ‘सार्थ वाग्भट’ मी जुन्या बाजारातून आणले ते आईच्या संधिवातासाठी त्यात काही सापडते का, हे पाहायला. संधिवाताचे राहून गेले आणि मी उत्तरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, बालग्रहांच्या प्रकरणात, अडकलो. लहान मुलांना धरणारे बारा ग्रह तिथे सांगितले आहेत. पाच पुरुषरूपी, सात स्त्रीरूपी. त्या पाचांतला एक श्वग्रह. त्याने धरलेल्या मुलाची लक्षणे अशी: अंग कापते, अंगावर काटा येतो, घाम फुटतो, डोळे मिटतात, शरीर पाठीच्या बाजूला धनुष्यासारखे वाकते, जीभ चावली जाते, घशातल्या घशात आवाज होतो, मूल धावत सुटते, अंगाला विष्ठेसारखा वास येतो आणि ते कुत्र्यासारखे ओरडते.

ज्याने घरात फेफरे पाहिले आहे त्याला ही यादी कोणी समजावून सांगायला नको. माझ्या थोरल्या बहिणीला बाराव्या वर्षापासून फेफरे येई. जीभ, घाम, घशातला तो आवाज, सगळे ओळखीचे. मी दचकलो ते शेवटच्या लक्षणाशी. कारण आमच्या घरात ताईच्या आजाराची जी गोष्ट सांगतात तिच्यातही कुत्रा आहे, फक्त तो उलट्या बाजूला उभा आहे. आमचा मोत्या ताईला फेफरे येण्याआधी भुंकायचा. त्याला आधी कळायचे. ही गोष्ट मी स्वतः तीसेक वर्षे सांगत आलो. चार वर्षांपूर्वी ती लिहून काढायला बसलो आणि लिहिता येईना. हा लेख त्या अडचणीतून निघाला आहे.

मोत्यासारख्या कुत्र्यांची आज युरोप-अमेरिकेत रीतसर व्यवस्था आहे. फेफरे येणाऱ्या माणसाबरोबर राहण्यासाठी कुत्री तयार केली जातात. त्यांचे दोन प्रकार मानतात. बातम्यांत हे दोन्ही हमखास एक होऊन जातात, म्हणून आधीच वेगळे करून ठेवतो. पहिला प्रकार झटका आल्यावर काम करणाऱ्यांचा. अंगाशी आडवे पडून राहणे, भुंकून माणसे गोळा करणे, धोक्याची कळ पंजाने किंवा नाकाने दाबणे, फोन किंवा औषधाची पिशवी आणून देणे, तोंड चाटत राहणे. ही कामे शिकवता येतात. त्यात गूढ काही नाही, मेहनत आहे. दुसरा प्रकार झटका येण्याआधी कळवणाऱ्यांचा. वाद सगळा इथे आहे आणि गोष्टीही सगळ्या इथल्याच आहेत. वर्तमानपत्राला धोक्याची कळ दाबणारा कुत्रा फारसा नको असतो, त्याला भविष्य जाणणारा हवा असतो.

माझे म्हणणे असे की, यात कुत्र्याच्या नाकाचा प्रश्न आहेच, पण त्याआधी निवेदनाचा प्रश्न आहे. मोठ्या झटक्यात, ज्यात शुद्ध हरपते, तो येणारा माणूस त्या वेळी तिथे नसतो. आपल्याला काय झाले हे त्याला इतरांकडून कळते. म्हणजे या आजाराच्या प्रत्येक आत्मकथनात मधोमध एक भोक असते आणि ते उसन्या साक्षीने बुजवावे लागते. चरकाने अपस्मार हा शब्द स्मृती जाण्यावरूनच लावला आहे. साक्ष देणारा बहुधा घाबरलेला असतो. तो पाहतो कमी आणि ऐकतो जास्त.

दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’मध्ये (१८६८-६९) मिश्किनला झटक्याआधी जो लख्ख उजेडाचा क्षण लाभतो त्यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याच्या पुढचा मजकूर अधिक महत्त्वाचा वाटतो. जिन्यावर मिश्किन कोसळतो तेव्हा निवेदक त्याला सोडून पाहणाऱ्यांच्या बाजूला येऊन उभा राहतो आणि त्या किंकाळीविषयी बोलू लागतो. ती ऐकणाऱ्याला वाटते की, हा आवाज या माणसाचा नव्हेच, त्याच्या आत दुसरेच कोणी ओरडते आहे. लेखक स्वतः या आजाराचा रोगी. उजेडाचा क्षण त्याचा स्वतःचा असू शकतो, पण स्वतःची किंकाळी त्याने कधी ऐकलेली नसणार. ती त्याच्या बायकोने ऐकली होती. १८६७ साली लग्नानंतर थोड्याच दिवसांत पाहिलेल्या झटक्याचे वर्णन अ‍ॅना ग्रिगोर्येव्हनाने आपल्या आठवणींत केले आहे. कादंबरीतला हा परिच्छेद म्हणजे दोन वेगळ्या माणसांची साक्ष एका वाक्यरचनेत शिवलेली आहे. शिवण दिसत नाही, हे त्याचे कसब.

शरीरशास्त्र सांगते की, झटक्याच्या सुरुवातीला छातीचे स्नायू एकदम आवळतात आणि हवा बंद होत आलेल्या स्वरयंत्रातून जोराने बाहेर पडते, म्हणून तो आवाज होतो. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ‘दुसरे कोणीतरी’ ऐकू येते. रशियन कादंबरीकार तिथे थांबतो. आपले प्राचीन वैद्य आणि गृह्यसूत्रकार त्या दुसऱ्याला नावही देतात: तो कुत्रा आहे. पारस्कर गृह्यसूत्रात पीडित मुलाला बापाने जाळ्याने किंवा उपरण्याने झाकून मांडीवर घ्यायचे आणि कुर्कुराची विनवणी करायची, असे सांगितले आहे. सरमा तुझी आई, सीसर तुझा बाप, श्याम आणि शबल तुझे भाऊ, मुलाला सोड. आपस्तंब आणि हिरण्यकेशी यांच्याकडेही श्वग्रहाचा विधी येतो. त्यात द्यूताची सभा आहे, दही-मीठ शिंपडणे आहे, झांज वाजवणे आहे. मला पारस्कराचा विधी फार घरगुती वाटतो. बाप कुत्र्याला हाकलत नाही, दगड मारत नाही. त्याच्या आईबापांची नावे घेऊन त्याला गोडीने समजावतो, जसे आपण दारात अडून बसलेल्या ओळखीच्या कुत्र्याला समजावतो.

आणि वाग्भटाने प्रकरणाच्या आरंभीच दिलेली एक गोष्ट मी पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. हे ग्रह शंकराने निर्माण केले ते कार्तिकेयाच्या रक्षणासाठी. म्हणजे श्वग्रह मुळात राखणदार होता, धरणारा मागाहून झाला. चरकाच्या अपस्मार-चिकित्सेत तर हा प्राणी औषधही होतो: नाकात घालायच्या पित्तांच्या यादीत कपिला गाईच्या पाठोपाठ कुत्रा, कोल्हा, मांजर यांची पित्ते येतात. राखणदार, रोग आणि औषध, तिन्ही जागी कुत्राच. आमच्या गल्लीत फेफरे आलेल्याच्या नाकाशी चप्पल नाहीतर कांदा धरत. ताईच्या नाकाशी चप्पल धरणाऱ्या एका शेजाऱ्याला मोत्याने पोटरीला चावा घेतला होता. (त्याचा खर्च वडिलांनी दिला.) रोग्याला काहीतरी हुंगवायचे, हा आपला जुना उपाय, रोग्यालाच हुंगायचे, ही आजच्या कुत्र्याची नोकरी.

झटक्याआधीच्या खुणांना आयुर्वेद पूर्वरूप म्हणतो. चरकाच्या निदानस्थानात अपस्माराची पूर्वरूपे आहेत: डोळ्यांची आणि भुवयांची विकृत हालचाल, नसलेले आवाज ऐकू येणे, लाळ गळणे, अन्न नकोसे होणे. काही रोग्यांना आपले पूर्वरूप स्वतःला कळते. इंग्रज चित्रकार आणि गमतीच्या कवितांचा कर्ता एडवर्ड लिअर (१८१२-१८८८) हा असा रोगी. लहानपणापासून असलेला हा आजार त्याने जन्मभर लपवला. झटका येणार हे त्याला आधी जाणवे आणि तो माणसांतून उठून जाई. आजाराला तो ‘डीमन’ म्हणे, म्हणजे पुन्हा ग्रहच. रोजनिशीत झटक्याच्या दिवशी तो फुलीची खूण करी. १८७३ ते १८७५ या काळात तो हिंदुस्थानात हिंडत होता, १८७४च्या पावसाळ्यात काही काळ पुण्यात होता, आणि त्याच वर्षी त्याची एक हिंदुस्थानी कविता मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. पुण्यातल्या त्याच्या यजमानांपैकी कोणाला त्या फुल्यांचा अर्थ माहीत असेल असे वाटत नाही. लिअरकडे कुत्रा नव्हता, फॉस नावाचे मांजर होते. त्याविषयी त्याने रंगून लिहिले, चित्रे काढली. आजाराविषयी मात्र फक्त फुल्या.

फुल्यांच्या पुढे जाऊन त्या भोकाविषयीच लिहिणारी लेखिका मला एकच भेटली. मार्गियाड एव्हान्सचे ‘अ रे ऑफ डार्कनेस’ हे पुस्तक १९५२चे. पहिला मोठा झटका तिला १९५०मध्ये घरी एकटी असताना आला. पाहणारे कोणी नाही, त्यामुळे उसनी साक्षही नाही. शुद्धीवर आल्यावर आपण कुठे पडलो आहोत आणि मधला किती वेळ गेला, यावरून तिला काय घडले असेल ते ठरवावे लागते. ती ते भोक बुजवत नाही, त्याच्या कडेने फिरते. पुस्तक काही ठिकाणी पसरट आहे, तिची धार्मिक भाषा मला सगळीकडे पटत नाही. पण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य टिकवून धरण्याचे तिचे धैर्य नंतरच्या सहायक कुत्र्यांविषयीच्या आठवणीवजा लिखाणात मला क्वचितच दिसले. तिथे त्या भोकात कुत्रा बसवून टाकतात. त्याला सगळे माहीत असते, त्याने सगळे पाहिलेले असते आणि तो बोलत नसल्यामुळे त्याची उलटतपासणी होत नाही. कादंबरीकाराला याहून सोयीचा साक्षीदार मिळणार नाही.

या विषयावरचे वैद्यकीय निबंध मी वैद्य म्हणून वाचू शकत नाही, वाचक म्हणून वाचले. १९९९ साली इंग्लंडमधल्या व्हॅल स्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी ‘सीझर’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न आहे: सूचना देणारी कुत्री, हे सत्य की कल्पित? शेफील्डच्या ‘सपोर्ट डॉग्ज’ संस्थेत शिकवलेली कुत्री झटक्याआधी १५ ते ४५ मिनिटे खूण करतात आणि प्रत्येक कुत्र्याचा कालावधी ठरलेला असतो, असे त्यात म्हटले आहे. २००२मध्ये त्यांनी दहा रोग्यांचे झटके कमी झाल्याचे नोंदवले. २००३मध्ये फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी रोग्यांना प्रश्नावली दिली: २९ जणांकडे कुत्री, त्यांपैकी नऊ कुत्री झटक्याला काहीतरी प्रतिसाद देतात, आणि आधी कळवतात अशी तीन. या आकड्यांत मला घरोघरच्या गोष्टी ऐकू येतात. पण प्रश्नावलीला उत्तर देणारा म्हणजे पुन्हा तोच, जो त्या वेळी तिथे नव्हता, किंवा त्याचे घाबरलेले घरचे लोक.

२००७मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आलेल्या दोन टिपणांनी सगळ्यांचीच अडचण केली. कुत्रा झटके ओळखतो असे सांगणाऱ्या काही रोग्यांना मेंदूचा आलेख आणि चित्रीकरण एकत्र लावून तपासले, तेव्हा त्यांचे झटके फेफऱ्याचे नव्हतेच, मानसिक कारणाचे होते. यावर कुत्री खोटी ठरली म्हणून हसणाऱ्यांनी निबंध घाईने वाचला आहे. असे झटके हे सोंग नव्हे, तोही आजारच आहे, आणि त्या घरातल्या कुत्र्याने कशाला तरी प्रतिसाद दिलाच होता. कशाला, हा प्रश्न उरतो. लॉरेन स्लेटरचे ‘लाइंग’ (२०००) हे पुस्तक इथे आठवते. आपल्याला फेफरे येते की आपण ते रचले आहे, हे ती वाचकाला शेवटपर्यंत नक्की कळू देत नाही. मला ते पुस्तक आवडत नाही. फेफऱ्याला रूपक करणे ज्यांच्या घरी फेफरे नाही त्यांना परवडते. पण आत्मकथनातली साक्ष किती पातळ असते, हे तिने दाखवले ते खरे.

त्यानंतरच्या कामात मला सगळ्यांत स्वच्छ वाटला तो २०१९चा रेन विद्यापीठातल्या अमेली काताला यांचा निबंध. त्यांनी गोष्टी बाजूला ठेवल्या आणि वास हातात घेतला. पाच रोग्यांचे घामाचे व श्वासाचे नमुने, काही झटक्याच्या वेळचे, काही शांत असतानाचे, काही व्यायामानंतरचे. पाच शिकवलेल्या कुत्र्यांसमोर डबे ठेवले. तीन कुत्र्यांनी झटक्याचा नमुना दर वेळी ओळखला, दोघांनी तीनांतून दोनदा. म्हणजे झटक्याला वास आहे. रोगी वेगवेगळे, आजाराचे प्रकार वेगवेगळे, तरी त्यात काही समान आहे. मात्र हा वास झटक्याच्या वेळचा. आधीचा असतो की नाही, हे या प्रयोगाने सांगितले नाही आणि तसा दावाही केला नाही. वाग्भटाच्या यादीतले वासाचे लक्षण वाचून मी क्षणभर हुरळलो होतो, पण ती उडी मारणे योग्य नाही; तो वास माणसाच्या नाकाला येणारा आहे.

२०२४मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे २५ रोगी होते. कुत्रा मिळाल्यावर झटके नेहमीच्या उपचारांच्या मानाने सरासरी ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे कशामुळे, याची उत्तरे अनेक असू शकतात. भीती कमी झाली की झटकेही कमी होतात, हे त्यांतले एक. मला भिडली ती मोजण्याची रीत. रोग्यांनी झटक्यांच्या रोजनिश्या ठेवल्या होत्या. लिअरच्या फुल्याच.

आता आमच्या फुल्या. आईच्या ट्रंकेत पाच ‘कालनिर्णय’ सापडली: १९७९, ८०, ८१, ८३ आणि ८४. दुधाचा खाडा आई तारखेच्या चौकटीत गोल करून मांडायची. काही चौकटींत मात्र फुली आहे. पाहुण्यारावळ्यांना तोही दुधाचाच हिशेब वाटावा. असे करायला कारण होते. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांबरोबर फेफरेही आले होते. फेफरे येणारी व्यक्ती विवाहास पात्र नाही असा त्याचा अर्थ. ते शब्द निघाले १९९९मध्ये. ताईच्या लग्नाची वर्षे नेमकी या दोन सालांच्या मध्ये गेली. गार्डिनलच्या गोळ्या आमच्याकडे साखरेच्या डब्यात असत.

पाच वर्षांत ३७ फुल्या आहेत. त्यांपैकी दोन चौकटींत आईने बारीक अक्षरांत ‘मोत्या ओरडला’ असे लिहिले आहे. एका चौकटीत ‘मोत्या माळ्याच्या शिडीखाली’. बाकी ३४ ठिकाणी मोत्याचे नाव नाही. मी ती पाने कितीतरी वेळा मोजली. मोत्या नेहमी आधी भुंकायचा, असे मी तीस वर्षे सांगत होतो. त्या ‘नेहमी’ला आधार दोन चौकटींचा, आणि तो आधी ओरडला की नंतर, हे त्या चौकटीही सांगत नाहीत. उलट बाजूनेही पाहायला हवे: आई न्यायालयासाठी नोंदी ठेवत नव्हती, चौकट बोटाच्या पेराएवढी, आणि त्या धांदलीत कुत्र्याचे नाव तीनदा लिहावेसे वाटले, हेच कदाचित पुष्कळ आहे. शिडीखाली लपलेला मोत्या मात्र आमच्या गोष्टीत कधीच आला नव्हता. स्ट्राँग आणि ब्राउन यांनी २०००मध्ये न शिकवलेल्या पाळीव कुत्र्यांविषयी एक निबंध लिहिला आहे. झटका पाहून कुत्री घाबरतात, अंगावरही येतात, असे त्यात आहे. घाबरलेला मोत्या आम्ही गाळला, कारण तो आमच्यासारखाच होता.

मी हे सगळे ताईला वाचून दाखवले. ती चष्मा पुसत ऐकत होती. म्हणाली, “अरे, तो आधी भुंकायचा हे मला तुम्हीच सांगितलंय. मला काय ठाऊक? मला तो आठवतो तो नंतरचा. डोळे उघडले की पायांवर वजन असायचं. ते उठलं की मी उठायचे.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत असायचे. तो नाही बघायचा.”

सहायक कुत्र्यांबरोबर राहणाऱ्यांचे जे थोडे लिखाण मला पटले त्यात हेच आहे: नंतरचा वेळ. शुद्ध येते तेव्हा आपण कोण, कुठे, हे कळण्याआधी हाताला केस लागतात. त्यानंतर रोजची कामे: कुत्र्याला दिवसातून तीनदा बाहेर न्यायचे आहे, त्यामुळे ज्याने पडण्याच्या भीतीने घराबाहेर पडणे सोडले होते त्याला बाहेर पडावेच लागते, दुकानाच्या दारात कोणीतरी अडवते आणि ज्याचा आजार दिसत नाही त्याला तो परक्या माणसाला सांगावा लागतो. लिअरने जन्मभर जे लपवले ते या माणसाच्या शेजारी पट्टा घालून चालत असते. आणि कुत्रा म्हातारा होतो. कामातून निवृत्त झालेला कुत्रा घरात ठेवायचा, की दुसऱ्याला देऊन नवा आणायचा, यावरची पाने मला भविष्यकथनाच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा खरी वाटली. त्यांत कुत्र्याला काहीच माहीत नसते.

माझी मूळ गोष्ट मी आता अशी लिहिली आहे: मोत्या १९७९च्या उन्हाळ्यात आला, १९८४च्या दिवाळीनंतर गेला, त्याच्या काळात निदान ३७ वेळा फेफरे आले, दोनदा तो ओरडल्याची नोंद आहे, एकदा लपल्याची, एकदा तो चावला, आणि ताई म्हणते की तो पायांवर बसायचा. १९८२चे कॅलेंडर सापडलेले नाही. त्या वर्षी ताईला बघायला तीन ठिकाणची माणसे येऊन गेली. ते आईनेच बंबात घातले असेल, असे ताईचे म्हणणे आहे.